दुधातलं औषध आणि पुण्याचा हिशोब

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं 'टीपीए' नावाचं प्रथिन १९८७ मध्ये दोन अगदी वेगळ्या वाटांनी जगासमोर आलं. जेनेनटेक या अमेरिकी कंपनीनं ते हॅमस्टरच्या पेशींकडून मोठ्या टाक्यांमध्ये करून घेतलं होतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या औषध प्रशासनानं त्याला परवानगी दिली. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच संशोधकांच्या दुसऱ्या एका गटानं शोधनिबंध छापला. मानवी टीपीएचं जनुक बसवलेल्या उंदरिणीच्या दुधात हेच प्रथिन उतरलं होतं. टाकी आणि कास यांची शर्यत अशी एकाच वर्षी, एकाच औषधावर सुरू झाली.

ती कोणी जिंकली हे पाहायला पुणेकरांना लांब जायला नको. टीपीएचं सुधारलेलं रूप म्हणजे टेनेक्टेप्लेज. ते हिंजवडीची जेनोव्हा ही एमक्युअर समूहातली कंपनी बनवते, आणि ते येतं टाकीतून. तरीही कासेची गोष्ट संपलेली नाही. शेळीच्या आणि सशाच्या दुधातून काढलेल्या औषधांना अमेरिकेत आणि युरोपात परवानग्या मिळाल्या. २०२४ मध्ये तर इलिनॉय आणि साओ पावलो इथल्या संशोधकांनी दुधात मानवी प्रोइन्सुलिन, म्हणजे इन्सुलिनचं आधीचं रूप, देणाऱ्या गाईची बातमी दिली. मधुमेह घरोघरी पोचलेल्या आपल्या देशात अशी बातमी व्हॉट्सॲपवरून वेगानं फिरते आणि सोबत प्रश्न येतो, 'आपल्याकडे इतकी जनावरं, इतके औषध कारखाने, मग हे आपल्याकडे का नाही?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र दुधापेक्षा दुधानंतरच्या कामात दडलेलं आहे.

जनुक कासेत कसं पोचतं

गाईच्या प्रत्येक पेशीत केसीन या दूधप्रथिनाचं जनुक असतं, पण ते जागं होतं फक्त कासेत, तेही दुभत्या काळात. त्याला जागं करणारा एक नियंत्रक तुकडा जनुकाच्या आधी जोडलेला असतो. संशोधकांनी हा तुकडा घेतला आणि त्याच्यापुढं केसीनऐवजी मानवी प्रथिनाचं जनुक जोडलं. ही जोडगोळी गर्भात गेली की ती जनावराच्या सगळ्या शरीरात असते, पण काम करते फक्त कासेत. जनावर व्यायलं की दुधासोबत औषधाचं प्रथिनही उतरतं.

कल्पना सुटसुटीत, करणं महाकठीण. सुरुवातीच्या काळात हे जनुक नुकत्याच फळलेल्या बीजात बारीक काचेच्या सुईनं टोचत. मोठ्या जनावरांत शंभर बीजं टोचल्यावर जनुक धरलेलं एखादं-दुसरं पिल्लू हाती लागे. ते नर निघालं तर आणखी थांबा. नेदरलँड्समध्ये १९९० मध्ये जन्मलेला हर्मन हा जगातला पहिला ट्रान्सजेनिक वळू. त्याच्यात मानवी लॅक्टोफेरिनचं जनुक होतं, पण दूध मिळणार ते त्याच्या कालवडी वेतावर आल्यावर. शेळीत गाभण काळ पाच महिन्यांचा, म्हणजे जनुक टोचल्यापासून पहिलं दूध हाती यायला साधारण दीड वर्ष. गाईत तीन वर्षं. सशात काही महिने.

हे शंभरात एक जमण्याचं दुखणं दूर करायच्या खटपटीतूनच स्कॉटलंडच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये १९९६ मध्ये डॉली जन्मली. आपल्याकडे डॉलीची ओळख 'क्लोन मेंढी' एवढीच झाली. त्यामागचा व्यावहारिक हेतू होता औषधी दुधाचा. जनुक आधी पेशीत बसवायचं, नीट बसलंय का ते प्रयोगशाळेतच तपासायचं आणि मग त्या पेशीपासून अख्खं जनावर घडवायचं. वर्षभरात जन्मलेली पॉली ही मेंढी याच पद्धतीची. तिच्या दुधात हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारा फॅक्टर ९ होता.

इतका खटाटोप करायचा तो का? माणसाची बरीच प्रथिनं नुसती अमिनो आम्लांची साखळी जोडून तयार होत नाहीत. तिला ठरावीक घड्या पडाव्या लागतात, ठरावीक जागी साखरेच्या साखळ्या चिकटाव्या लागतात. जिवाणूंना हे जमत नाही. सस्तन प्राण्यांच्या पेशींना जमतं, आणि कासेत अशा पेशी अब्जावधी असतात. त्यांना ना निर्जंतुक टाकी लागते, ना महागडं पोषकद्रव्य. चारा, पाणी आणि पेंड पुरते.

कळपातून बाजारात

या वाटेवरचं पहिलं मोठं नाव ट्रेसी या मेंढीचं. तिच्या एका लिटर दुधात फुप्फुसांच्या आजारावरचं 'अल्फा-१ अँटीट्रिप्सिन' सुमारे ३५ ग्रॅम निघे. तेव्हाच्या टाक्यांमध्ये लिटरमागे मिलिग्रॅमचा हिशोब चालायचा, त्यामुळे हा आकडा डोळे विस्फारणारा होता. तिच्या मालक कंपनीनं, पीपीएल थेरप्युटिक्सनं, पुढं न्यूझीलंडमध्ये हजारो मेंढ्यांचा कळप उभा केला. तो देश निवडायचं कारण तिथं मेंढ्यांचा स्क्रेपी हा मेंदूचा रोग नाही. औषध मात्र कधीच बाजारात आलं नाही. २००३ मध्ये भागीदार बायर कंपनीनं प्रकल्पातून अंग काढून घेतलं. कंपनीचं दुकान बंद झालं आणि तो कळप मारावा लागला.

परवानगी मिळवण्यात पहिला नंबर लागला तो शेळीचा. अमेरिकेतल्या जीटीसी कंपनीचं 'एट्रिन' म्हणजे शेळीच्या दुधातलं अँटीथ्रॉम्बिन. जन्मतःच याची कमतरता असलेल्यांना शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणात गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते देतात. युरोपच्या तज्ज्ञ समितीनं २००६ च्या फेब्रुवारीत आधी नकार दिला, मग फेरविचारात होकार दिला. अमेरिकेनं २००९ च्या फेब्रुवारीत संमती दिली, ती दोन स्वतंत्र विभागांची. एकानं औषध तपासलं, दुसऱ्यानं शेळीत बसवलेलं जनुक. कंपनीचा दावा होता की एक शेळी वर्षाला जेवढं अँटीथ्रॉम्बिन देते, तेवढं रक्तातून काढायचं तर ९०,००० रक्तदानं लागतील.

त्यानंतर ससा आला. नेदरलँड्सच्या फार्मिंग कंपनीचं 'रुकोनेस्ट' सशाच्या दुधातून येतं. अंगावर, घशात अचानक सूज येणाऱ्या एका आनुवंशिक विकारावर ते वापरतात. युरोपात २०१० मध्ये आणि अमेरिकेत २०१४ मध्ये ते मान्य झालं. फ्रान्सच्या एलएफबी कंपनीचं 'सेव्हनफॅक्ट' हेही सशाचंच. ते अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झालं. फॅक्टर देऊनही ज्यांचं शरीर तो फॅक्टर निष्प्रभ करून टाकतं, अशा हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव त्यानं थांबवता येतो.

पस्तीस-चाळीस वर्षांच्या खटपटीतून दुधातून आलेली नाव घेण्याजोगी औषधं एवढीच. यातलं एट्रिन तर पुढं बाजारातून गेलंही. तिन्ही औषधांचे रुग्ण मोजके, पण एट्रिन आणि रुकोनेस्ट प्रत्येक रुग्णाला मोठ्या मात्रेत लागणारी. दुधाची वाट नेमकी कोणाला परवडते, हे यावरून कळतं.

टाकीनं कशी मात केली

हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींना औषध उद्योगात 'चो' पेशी म्हणतात. १९८७ मध्ये या पेशी लिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशोबात प्रथिन द्यायच्या. आज तीन ते पाच ग्रॅम ही नेहमीची गोष्ट झाली आहे, आणि काही ठिकाणी आकडा दहाच्या वर गेला आहे. दुधाची सगळी भिस्त होती ती उत्पन्नावर. टाकीनं तीच तफावत भरून काढली. शिवाय टाकीला आजार झाला तर ती रिकामी करून, धुऊन पुन्हा भरता येते. मागणी वाढली तर शेजारी दुसरी बसवता येते. कळप वाढवायचा तर वेतांचा हिशोब सुटत नाही.

दुसरी अडचण जनावराच्या तब्येतीची. कास ही बंद पेटी नाही, तिच्यातलं थोडंबहुत रक्तात झिरपतं. अँटीथ्रॉम्बिन झिरपलं तर जनावराला फारसा त्रास नाही. लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोइटिनसारखं किंवा वाढीच्या संप्रेरकासारखं तीव्र प्रथिन झिरपलं, तर जनावरच आजारी पडायचा धोका असतो. म्हणजे जे औषध जास्त प्रभावी, ते दुधात काढणं जास्त अवघड.

तिसरी अडचण साखरेच्या साखळ्यांची. कास त्या लावते, पण अगदी माणसासारख्या नाहीत. रुकोनेस्ट याच कारणानं शरीरातून दोन-तीन तासांत निम्मं होतं. रक्तातून काढलेलं तेच प्रथिन दिवसभर आणि त्याहून जास्त टिकतं. आणि सशाची ॲलर्जी असलेल्याला ते देताच येत नाही.

खरी मेख आहे ती दूध काढल्यानंतरच्या कामात. दूध आलं की आधी साय आणि चरबी वेगळी करायची. मग केसीनचे गोळे गाळून फक्त निवळी ठेवायची. हवं असलेलं प्रथिन निवळीत असलं तर ठीक, केसीनला चिकटलं तर उत्पन्नावर पाणी. मग विषाणू मारायचे, पुन्हा गाळायचं आणि एकामागून एक स्तंभांतून सोडून जनावराच्या प्रथिनांपासून मानवी प्रथिन वेगळं काढायचं. जनावराचं प्रथिन कणभर जरी मागं राहिलं आणि रुग्णाला ते पुन्हा पुन्हा टोचलं गेलं, तर त्याचं शरीर बंड करून उठतं. प्रत्येक दुधाची चाचणी, प्रत्येक जनावराची वैद्यकीय नोंद, प्रत्येक गोठ्याची बंदिस्त हद्द, आणि सरतेशेवटी माणसांवरच्या चाचण्या, हा सगळा खर्च टाकीला असतो तसाच कासेलाही असतो, कधी कधी जास्तच. चारा स्वस्त असल्यानं औषध स्वस्त होत नाही.

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. यीस्ट आणि जिवाणू ते किलोंच्या हिशोबात आणि स्वस्तात बनवतात. आपल्याकडे वोखार्डनं २००३ मध्ये यीस्टमधून केलेलं 'वोसुलिन' बाजारात आणलं, तेव्हापासून ही वाट देशात मळलेली आहे. ब्राझीलची ती गाय एकच होती. ती गाभण राहिली नाही म्हणून संप्रेरकं देऊन दूध काढावं लागलं. शास्त्र म्हणून काम मोलाचं आहे. त्यावरून इन्सुलिनच्या किमतीची गणितं मांडणं घाईचं ठरेल.

पुण्यात काय आहे

जनावराच्या अंगात औषध तयार करणं पुण्याला नवं नाही. सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी सुरू केली, तिची मुळं घरच्या घोड्यांच्या स्टड फार्ममध्ये आहेत. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढलं जाई. मग ते काम आपणच का करू नये, या विचारातून हडपसरला धनुर्वाताचं प्रतिविष बनू लागलं. हाफकिन बायो-फार्मास्युटिकल या सरकारी कंपनीचाही प्रतिविषाचा विभाग पिंपरीत आहे.

तिथलं काम दुधाच्या कल्पनेच्या फार जवळचं आहे. सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत घोड्याला टोचतात. काही आठवड्यांनी त्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर झाली की मानेच्या शिरेतून रक्त घेतात. लाल पेशी वेगळ्या करून घोड्याला परत देतात आणि रक्तद्रव ठेवून घेतात. मग पेप्सिननं प्रतिपिंडाचा नको असलेला भाग तोडतात, म्हणजे रुग्णाला घोड्याच्या प्रथिनाचा त्रास कमी होतो. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. प्रतिविषामुळे जे वाचतात ते घोड्याच्या जिवावर. 'जनावराला कारखाना केलं' अशी हरकत दुधाला घ्यायची असेल, तर घोडा त्या ओझ्याखाली सव्वाशे वर्षं चालतोय, एवढं लक्षात ठेवायला हवं.

आणि इथंही टाकी घोड्याच्या जागी येत आहे. रेबीजसाठी घोड्याच्या प्रतिपिंडांऐवजी सीरमनं अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्सच्या साथीनं मानवी मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार केलं. त्याला २०१६ मध्ये भारतात परवानगी मिळाली. घोड्यापासून निघालेल्या संस्थेनंच घोड्याला पर्याय काढला.

टाकीचा वारसाही जुनाच. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची, म्हणजे पेनिसिलिनच्या टाक्या इथं सत्तर वर्षं माहीत आहेत. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतं. टाकीची वाट निवडणाऱ्याला पुण्यात सोबत्यांची वाण नाही.

गाईची बाजूही कमकुवत नाही. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली 'बाएफ' रेतमात्रांच्या आणि संकरित गाईंच्या जोरावर देशभर पोचली. शिरूर तालुक्यात वडगाव रासाईला जे. के. ट्रस्टच्या केंद्रात गाई-म्हशींचे गर्भ प्रयोगशाळेत वाढवतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीनं सुंदरबनच्या गारोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं, तेही जनुक टोचून नव्हे, तर संकर आणि डीएनए चाचणी यांच्या जोरावर. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी झाली आणि ती मेंढपाळांच्या कळपात गेली.

म्हणजे घोडा हडपसरला, टाकी पिंपरीत, रेतन आणि गर्भाचं कसब उरुळी-शिरूरला. दुधातल्या औषधाला लागणारं जवळजवळ सगळं पुणे जिल्ह्यात एका दिवसाच्या फेरीत आहे. तरी ते एकत्र आलेलं नाही, आणि त्याला शुद्ध व्यावहारिक कारणं आहेत.

गोठा, कायदा, रोग

भारतात जनुकबदल केलेल्या कोणत्याही सजीवावर पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात. संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग जैवतंत्रज्ञान विभागाची समिती, मग पर्यावरण मंत्रालयाची जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समिती, अशी चढण आहे. २०२२ मध्ये जनुकसंपादित वनस्पतींच्या काही गटांना सूट मिळाली, जनावरांना नाही. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं २००९ मध्ये 'गरिमा' ही क्लोन म्हैस जन्माला घातली. म्हणजे क्लोनिंगचं हस्तकौशल्य देशात आहे. पण दुधातून काढलेलं देशी औषध बाजारात आलेलं नाही.

महाराष्ट्रात गाईचा विचार केला की आणखी एक गोष्ट येते. १९७६ च्या कायद्यानं गोहत्येला बंदी आहेच. २०१५ च्या दुरुस्तीनं वळू आणि बैलही त्यात आले. ट्रान्सजेनिक कळपात निम्मी पिल्लं नर होतात, बरीच जनुक न धरलेली निघतात. अशा जनावराचं दूध-मांस अन्नसाखळीत जाऊ द्यायचं नाही, हा जगभरचा दंडक. विकायचं नाही, कापायचं नाही, तर आयुष्यभर सांभाळायचं. औषधाच्या दरात ती भाकड जनावरंही मोजावी लागतील.

गाय सोडून शेळी घ्यावी, तर आपल्या मुलखातली संगमनेरी शेळी दिवसाला जेमतेम लिटरभर दूध देते. जीटीसीच्या शेळ्या सानेनसारख्या युरोपीय जातींच्या होत्या. त्या इकडे आणल्या तर त्यांना आपलं ऊन आणि आपले रोग सोसायला हवेत. ब्रुसेलोसिस आणि शेळ्यांचा पीपीआर हे रोग इथल्या कळपांत ठाण मांडून आहेत, आणि औषधी कळपात एकही ब्रुसेलाबाधित शेळी चालत नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यात हे होणं शक्य नाही, त्यामुळे 'दूध उत्पादकाला नवं उत्पन्न' ही घोषणा पोकळ आहे. असा कळप कंपनीच्या चार भिंतींआडच राहील. सहकारी दूध संघाच्या टँकरशी त्याचा काही संबंध येणार नाही.

अंड्याकडे पाहावं

इथवरचा हिशोब मांडला तर एक वाट मात्र पुण्याला शोभेल अशी दिसते. ती दुधाची नाही, अंड्याची आहे. अमेरिकेनं डिसेंबर २०१५ मध्ये 'कनुमा' या औषधाला मान्यता दिली. चरबी पचवणाऱ्या एका एन्झाइमच्या जन्मजात अभावावरचं हे औषध कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातून येतं. कोंबडी पाच महिन्यांत अंड्यावर येते. कळप वाढवायला वेतं मोजावी लागत नाहीत, आणि अंडं स्वतःच एक बंद डबा आहे.

पुण्याजवळ या कामाचं खरं भांडवल आहे. वेंकटेश्वरा हॅचरीज समूह इथलाच. लशींसाठी लागणारी, ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त अशी एसपीएफ अंडी तो तयार करतो. म्हणजे बंद शेड, गाळलेली हवा आणि प्रत्येक कळपाची रक्तचाचणी हे शिस्तीचं काम इथं रोज चालतं. सीरमनं २०१० मध्ये स्वाइन फ्लूविरुद्ध काढलेली 'नेझोव्हॅक' ही नाकात सोडायची लस अशाच अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून होती. दुधाच्या वाटेवर पुण्याला बंदिस्त कळप शून्यातून उभा करावा लागेल. अंड्याच्या वाटेवर तो उभा आहे.

अर्थात तिथंही कस लागेल तो औषधाच्या निवडीचा. हिमोफिलियाचं पाहा. सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत देणाऱ्या महाराष्ट्रात स्वस्त फॅक्टरची गरज खरी आहे, पण एमिसिझुमॅबसारखी त्वचेखाली टोचायची, टाकीतून येणारी प्रतिपिंडं त्या बाजारातही शिरली आहेत. म्हणून जनावराच्या वाटेनं कोणतं प्रथिन काढायचं, याला कठोर अटी लावायला हव्यात. प्रत्येक रुग्णाला ते ग्रॅममध्ये लागणारं असावं. टाकीतून किंवा यीस्टमधून ते नीट निघत नसावं. जनावराच्या रक्तात झिरपलं तरी त्याला अपाय न करणारं असावं. या तिन्ही अटी पार करणारी प्रथिनं बोटावर मोजण्याएवढी आहेत. 

पुण्यातल्या एखाद्या संस्थेनं उद्या औषधी दुधाची घोषणा केली, तर पत्रकारांनी लिटरमागे किती ग्रॅम हे विचारू नये. निवळीतून शुद्ध प्रथिन काढायचा खर्च किती, नर आणि भाकड जनावरांचं काय, आणि हेच औषध टाकीत का होत नाही, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला खणखणीत उत्तर नसेल, तर पहिल्या दोन्हींची उत्तरं ऐकायचीही गरज नाही.